संकेतस्थळाची प्रत घेताना ८०८० चा अडथळा

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग परिसरात विजेपाठोपाठ दूरसंचार सेवाही कोलमडली. अशा वेळी संपर्क क्रमांक, शासकीय आदेश, अर्जांचे नमुने संगणकात आधीच उतरवलेले असतील तरच हाताशी येतात. त्यासाठी 'एचटीट्रॅक' हे विनामूल्य साधन १९९८ पासून उपलब्ध आहे.

विंडोजवर त्याची स्वतंत्र खिडकी उघडते. लिनक्सवरील 'वेबएचटीट्रॅक' मात्र ब्राउझरमधून चालते. त्यासाठी ते संगणकातच एक छोटा सर्व्हर सुरू करते आणि सामान्यतः ८०८० हा पोर्ट मागते. अडचण इथेच उद्भवते. नेटवर्कवर देखरेख ठेवणारी अनेक सॉफ्टवेअर आपला नियंत्रण-फलक याच पोर्टवर मांडतात. एका पत्त्यावरचा एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. परिणामी प्रत घेणारे साधन सुरूच होत नाही, किंवा ब्राउझरमध्ये देखरेखीच्या सॉफ्टवेअरचे पासवर्ड मागणारे पान येते. कधी साधन दुसऱ्या पोर्टवर सुरूही झालेले असते आणि आपण जुन्या पत्त्यावर ताटकळत बसतो! इंटरनेटला दोष देणे किंवा साधन पुन्हा बसवणे, दोन्ही व्यर्थ.

(एका यंत्रणेने दुसरीची जागा अडवणे अलिबागला नवे नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागच्या वेधशाळेत हलवावे लागले होते.)

प्रथम ८०८० कोणी व्यापला आहे ते पाहावे. लिनक्सवर 'एसएस', विंडोजवर 'नेटस्टॅट' या आज्ञेने ते कळते. देखरेखीचे सॉफ्टवेअर परस्पर बंद करू नये. वादळात कोणती जोडणी तुटली हे तेच सांगते. व्यवस्थापकाकडून त्याचा पोर्ट बदलून घ्यावा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे टर्मिनलमध्ये थेट 'एचटीट्रॅक'ची आज्ञा देऊन संकेतस्थळाचा पत्ता व फोल्डरचे नाव लिहिणे. या पद्धतीत ब्राउझरचा फलक लागत नाही, त्यामुळे पोर्टचा प्रश्नही येत नाही.

प्रत मध्येच थांबत असेल तर कारण बहुधा निराळे असते. एकाच वेळी अनेक जोडण्या दिसल्याने फायरवॉल अडवते. तेव्हा जोडण्यांची संख्या व वेग कमी करावा.

शेवटी नेटची वायर काढून प्रत उघडून पाहावी. शोधपेटी चालणार नाही, पण पाने उघडली पाहिजेत. फोल्डरच्या नावात तारीख घालावी.