कलम ६४-ए कुणी वाचलंय का?

ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरात एटीएसने भिवंडीतल्या एका फ्लॅटवर छापा टाकला आणि सुमारे ८०० कोटींचं एमडी पकडलं. त्या दिवशी आमच्या काल्हेरच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मागणी: फाशी द्या. मीही फॉरवर्ड केलं. नंतर वाटलं, कायदा एकदा वाचून तर बघू.

१९८५ पर्यंत आपल्याकडे अफूसाठी इंग्रजांचेच कायदे चालू होते. त्यांचा डोळा महसुलावर. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि सरकार पेटीमागे पास फी घ्यायचं. १४ नोव्हेंबर १९८५ ला एनडीपीएस कायदा लागू झाला. हा मात्र कडक, मोठ्या गुन्ह्यांना किमान १० वर्षं.

खरी गंमत १९८९ च्या दुरुस्तीत आहे. मोठ्या साठ्यासह दुसऱ्यांदा सापडणाऱ्याला फाशी, हे कलम तेव्हा आलं. (ती फाशी सक्तीची असू शकत नाही, असं २०११ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं.) आणि त्याच दुरुस्तीत ६४-ए पण आलं. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला गेला, तर सेवनासाठी त्याच्यावर खटला नाही. २००१ मध्ये थोडा माल जवळ बाळगल्याचा गुन्हाही यात आला. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. विकणाऱ्याला ही सवलत नाही, हे बरंच आहे.

फाशीची बातमी होते. ६४-ए मी तरी कुठल्या ग्रुपवर पाहिलेलं नाही.

आता एमडी, म्हणजे मेफेड्रोन. मुंबईत ते 'म्याव म्याव' म्हणून विकलं जायचं, पण फेब्रुवारी २०१५ पर्यंत कायद्याच्या यादीतच नव्हतं. कोडमधल्या ब्लॅकलिस्टसारखं: नाव नाही, तर पास! यादीत आल्यावर २ ग्रॅमच्या आत 'अल्प' आणि ५० ग्रॅमच्या वर 'व्यावसायिक' प्रमाण ठरलं. म्हणजे एखाद्या पोराच्या खिशातली छोटी पुडी बहुतेक वेळा ६४-एच्या कक्षेत येते.

पण घरचे पोराला लपवतात. दवाखान्यात नेलं की पोलीस केस होणार, लग्न जमणार नाही, लोक काय म्हणतील. त्यातली पहिली भीती तरी कायद्याने १९८९ मध्येच बरीचशी काढून टाकली होती.

नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. फोनमध्ये सेव्ह करा, कुणाला लागेल सांगता येत नाही. पुढच्या भागात माळव्याची अफू.