सातबारा नसलेल्यांचे जंगल

‘खाजगी वन’ हा शब्दच मला विचित्र वाटतो. झाड जमिनीत उगवते. पण जमीन कुणाची, हे महसुलाचे दप्तर ठरवते. आणि दप्तर लिहिणारा हात आपला कधीच नव्हता.

कळमनुरी तालुका 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात होता, आता हिंगोलीत आहे. 1948 पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. इथे आंध आदिवासी आहेत आणि गावकुसाबाहेरचे आपले लोकही.

30 ऑगस्ट 1975 पासून महाराष्ट्रातील खाजगी वने कायद्याने शासनाची झाली. पाऊल पुरोगामी, यात वाद नाही. परंतु ज्या मालकाची इतर जमीन बारा हेक्टरांहून कमी, त्याला ती भर पडेपर्यंत वन परत देण्याची तरतूद पुढे त्यातच घातली गेली. मालकाच्या पोटाची काळजी झाली. त्याच वनातून मोळी आणणाऱ्या भूमिहीनाचे पोट कोणत्या कलमात बसते, हे मी त्या कायद्यात शोधले, सापडले नाही. 2014 साली गोदरेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की दशकानुदशके पडून राहिलेल्या नुसत्या नोटिशीने जमीन वन ठरत नाही. निकाल न्याय्यच आहे. पण शिळ्या कागदाचा फायदा मिळायलाही आधी मालकीचा कागद लागतो!

आपल्याकडे कागद नव्हता म्हणून तर दादासाहेब गायकवाडांना सत्याग्रह करावे लागले. 1953 साली मराठवाड्यात, 1959 साली महाराष्ट्रात आणि 6 डिसेंबर 1964 पासून देशभर. पडीक जमीन आणि जंगलजमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी घेऊन माणसे तुरुंगात गेली. गायरानाच्या बाबतीत 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला आणि 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. वनाच्या जमिनीला मात्र 1980 च्या वनसंवर्धन कायद्यामुळे केंद्राच्या परवानगीविना हात लावता येईना.

मग 2006 चा वनहक्क कायदा आला. आंधांना त्यात अनुसूचित जमात म्हणून दावा करता येतो. शेजारच्या दलिताला मात्र 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. हिशेब करा: 1930. मराठवाड्यात जमिनीच्या तंट्यात लोक पुढे करतात तो खासरा पत्रकाचा कागद 1954 चा. त्याआधीचे दप्तर उर्दूत, आणि त्यात भूमिहीनाचे नाव असणारच कशाला?

नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. पण 1930 साल आठवणारा माणूस आज शंभरीच्या घरात असणार.