नापासांचा थोडका इतिहास

तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा निरीक्षक म्हणाले, "ताई, आता ६० दिवसांनी या." १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं नववं कलमच तसं आहे. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा जायचं, तीनदा झालात की ६० दिवस थांबायचं. तिन्ही वेळा मी रिव्हर्सलाच अडकले. मागचा डावा खांब मला दिसत नाही, पडल्याचा आवाज तेवढा येतो. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि दारातली गाडी चालवणारा भाऊ बदली होऊन परगावी गेलाय. त्यामुळे हे ६० दिवस मी भाड्याच्या गाडीच्या पैशांत मोजतेय.

मधल्या वेळात, लोकांना असं नापास करायला सुरुवात कुणी केली, ते शोधत बसले.

ब्रिटनमध्ये परवाना १९०४पासून आहे, पण तेव्हा पैसे भरले की मिळायचा. सामान्य माणसाला नापास व्हायची सोयच नव्हती! १९३४ साली तिथे रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. १ जून १९३५पासून परीक्षा सक्तीची झाली, तीही १ एप्रिल १९३४ किंवा त्यानंतर गाडी चालवू लागलेल्यांनाच. म्हणजे ज्यांच्या हातून ही माणसं मेली, त्यातल्या बहुतेकांना कुणी कधी तपासलंच नाही. (आमच्या घरातल्या पुरुषांची आठवण झाली. असो.) परीक्षा केंद्रं नव्हती, परीक्षक बागेपाशी किंवा रेल्वे स्टेशनवर भेटायचे. फी साडेसात शिलिंग. पहिल्या वर्षी १००तले ६३ पास झाले. उरलेले ३७ माझे पूर्वज.

महायुद्धात परीक्षा बंद पडल्या. पुढे १९५६मध्ये सुएझच्या पेचामुळे पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हाही काही महिने बंद होत्या आणि तेवढ्या काळात शिकाऊंना एकट्याने गाडी चालवायची मुभा होती. आदल्या आठवड्यात नापास झालेलाही खुशाल रस्त्यावर! वाचून आधी हेवा वाटला. मग मागच्या सीटवर आई बसलेली डोळ्यांसमोर आली आणि हेवा ओसरला.

आपल्याकडे १९३९च्या कायद्यात ही परीक्षा आली. आजच्या नियमांतही अरुंद जागेत, ताबा न सोडता गाडी मागे घालता येणं ही अट आहेच. म्हणजे माझा खांब.

यॉर्कशरमधल्या वेकफील्डच्या मिरियम हारग्रेव्ह ३ ऑगस्ट १९७० रोजी चाळिसाव्या खेपेला पास झाल्या. २१२ शिकवण्या झाल्या होत्या, आणि त्यात इतका पैसा गेला की गाडी घ्यायला उरला नाही. हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. मला मात्र एकोणचाळिसाव्या वेळी त्या घरी जाऊन काय म्हणाल्या असतील, ते ऐकायचं होतं.

अजून १९ दिवस आहेत. रोज सकाळी शेजारचे काका बाजूच्या सीटवर बसतात. मैदानात दोन बादल्या ठेवून मी मागे येते. डावी बादली कालही पडली, पण या वेळी पडायच्या आधी आरशात दिसली होती.