शनिवारवाड्याचे हुजूर दफ्तर : बाहेरची सेवा आणि घरचे ज्ञान

१

पुण्याच्या शनिवार पेठेतील शनिवारवाड्याच्या पायाभरणीचा मुहूर्त १० जानेवारी १७३० रोजी झाला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. ह्या वाड्याचा इतिहास बहुधा त्यातील महाल, कारंजी, दरबार आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला नारायणरावांचा वध ह्यांच्या अनुरोधाने सांगितला जातो. राज्यकारभाराच्या अभ्यासकाला मात्र वाड्याच्या आश्रयाने वाढलेला फड व त्याचे दफ्तर ह्यांचे महत्त्व अधिक वाटावे. अटकेपासून कर्नाटकापर्यंत ज्यांच्या फौजा फिरल्या, त्या पेशव्यांच्या हाताखाली पगारी नोकरांचा वर्ग त्या विस्ताराच्या मानाने लहानच होता. मग एवढा व्यवहार चालला कसा?

ह्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग असा की, पुष्कळशी कामे सरकारने बाहेरच्यांकडे सोपविली होती. पैसा आगाऊ पुरविणे, तो दूरच्या ठिकाणी पोचविणे, नाणी पाडणे व पारखणे ही कामे सावकार, सराफ, सोनार व मक्तेदार करीत. दुसरा भाग असा की, ही कामे बाहेर दिली असली तरी त्यांची माहिती बाहेर दिलेली नव्हती. ती ठराविक पद्धतीने, ठराविक नमुन्यांत, अनेकांना वाचता व पडताळता येईल अशा रूपाने हुजूर दफ्तरात जमा होत असे. हे दोन भाग एकत्र होते तोपर्यंत कारभार सुरळीत चालला. त्यांची फारकत झाली तेव्हा तो बिघडला. ह्या लेखात त्या फारकतीचाच विचार केला आहे.

२

प्रथम बाहेरच्या सेवांचा विचार करू. राज्याला सावकाराची गरज असते ही जाणीव पेशवाईपूर्वीची आहे. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात सावकारांविषयी स्वतंत्र विवेचन असून, संकटकाळी राज्याला उपयोगी पडणारा हा वर्ग आदराने सांभाळावा असा त्याचा आशय आहे. पेशव्यांच्या काळात ही गरज शतपटीने वाढली. महसूल हंगामावर येई, परंतु फौजेचा खर्च हंगामाची वाट पाहत नसे. ह्या दोहोंतील अंतर सावकार भरून काढीत असे.

व्यवहाराची रीत पुढीलप्रमाणे होती. परगण्यावर मामलेदाराची किंवा कमाविसदाराची नेमणूक झाली म्हणजे त्याला महसुलापैकी काही रक्कम सरकारात आगाऊ भरावी लागे; हिलाच रसद म्हणत. ही रक्कम तो बहुधा सावकाराकडून उभी करी. पुढे वसूल झालेला पैसा पुण्यास पाठवावयाचा, तर रोकड नेण्यात वाटमारीचे भय असे; म्हणून हुंडीचा आश्रय घेतला जाई. दर्शनी हुंडी दाखविताच पटावयाची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनंतर. ह्या सेवेबद्दल सावकार हुंडणावळ घेत असे. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चलनात असल्याने एका रुपयाचा दुसऱ्याशी बट्टा ठरविणे हेही तज्ज्ञाचेच काम होते. सुरत, बनारस, दिल्ली अशा शहरांतील पेढ्यांशी संबंध असलेले सावकार ही सेवा पुरवीत. सरकारने स्वतःची अशी यंत्रणा उभारावयाची म्हटली असती, तर तिचा खर्च व जोखीम दोन्ही त्याला झेपली नसती.

नाणी पाडण्याच्या कामीही हीच रीत होती. ठराविक वजनाचे व कसाचे नाणे पाडण्याच्या अटीवर आणि ठराविक हक्काच्या मोबदल्यात खाजगी इसमांस टांकसाळीचे परवाने दिले जात. ह्या पद्धतीतील धोकाही लवकरच दिसून आला. देखरेख सैल झाली की नाणे खोटे होई व रयतेपासून सरकारापर्यंत सर्वांचेच नुकसान होई. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत (१७६१–१७७२) धारवाडच्या बाजूच्या खाजगी टांकसाळी बंद करून एका टांकसाळीकडे हे काम देण्याचा उपाय योजावा लागला, तो ह्याच कारणाने. काम बाहेर देणारा कसोटीचा दगड स्वतःजवळ ठेवतो की नाही, ह्यावर त्या कामाचे बरेवाईट अवलंबून असते, हे येथे प्रथम स्पष्ट होते.

३

महसुलाच्या कामी हा कसोटीचा दगड म्हणजे हुजूर दफ्तर होय. भरभराटीच्या दिवसांत ह्या दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत होते. त्याचे दोन प्रमुख विभाग म्हणजे चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालते दफ्तर फडणीसांच्या देखरेखीखाली असून त्यात फड, बेहेडा व सरंजाम अशा शाखा होत्या. सनदा, आज्ञा व रोजच्या जमाखर्चाचे कागद फडावर तयार होत. बेहेड्यात परगण्याच्या अपेक्षित जमेचा व मंजूर खर्चाचा अंदाज बांधला जाई. सरंजामात लष्करी नेमणुकांचा हिशेब राही. एकबेरीज दफ्तर पुण्यासच असे. सर्व खात्यांचे हिशेब तेथे एकत्र येत. त्यांवरून जमा, खर्च व शिल्लक दाखविणारा तर्जुमा आणि खर्चाच्या बाबींची वर्गवार खतावणी तयार होई.

मामलेदार परगण्यावर जाताना त्याच्याबरोबर बेहेडा जाई, आणि वर्षअखेर तो परतला म्हणजे त्याचा हिशेब त्या बेहेड्याशी ताडून पाहिला जाई. परगण्यातही तो एकटा नसे. दिवाण, मजमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस हे दरकदार त्याच्या कचेरीत असत, आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. एकाने लिहावयाचे, दुसऱ्याने तारीख घालावयाची, तिसऱ्याने रोकड मोजावयाची अशी कामाची वाटणी असल्याने, सर्वांनी संगनमत केल्यावाचून खोटा हिशेब उभा राहणे कठीण होते. ह्यांशिवाय गावचा कुलकर्णी व परगण्याचा देशपांडे ह्यांचे कागद सर्वस्वी वेगळ्या हातांनी लिहिलेले असत. एकाच वसुलाची नोंद अशा रीतीने गाव, परगणा आणि हुजूर अशा तीन ठिकाणी राही.

हे साधण्यासाठी आवश्यक असलेली गोष्ट म्हणजे सर्वांना समान असलेली लेखनपद्धती. मोडी लिपी, सुहूर सनाची कालगणना, जमेच्या व खर्चाच्या बाबींचा ठरलेला अनुक्रम, आज्ञापत्रांवरील शिक्क्यांचे व शेऱ्यांचे संकेत हे सर्व खानदेशातील कारकुनाला व कर्नाटकातील कारकुनाला सारखेच ठाऊक होते. हिशेबाचे नियम सांगणाऱ्या मेस्तकांची परंपरा हेमाद्रीच्या नावाशी जोडली जाते. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंडितांनी रचलेला राज्यव्यवहारकोश हाही कारभाराची परिभाषा निश्चित करण्याचाच प्रयत्न होता. उमेदवार कारकून जुन्या कागदांच्या नकला करीत करीत हे ज्ञान आत्मसात करी. त्यामुळे एक कारकून गेला तरी त्याच्या रुमालातील कागद दुसऱ्याला उलगडून वाचता येत, आणि काम अडून राहत नसे. सामाईक ज्ञानाचा खरा लाभ हाच की, व्यवहार एका माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहत नाही.

४

१३ मार्च १८०० रोजी नाना फडणीस निवर्तले. दुसऱ्या बाजीरावांच्या कारकिर्दीत (१७९६–१८१८) ह्या व्यवस्थेतील दोन्ही भागांचा तोल गेला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे व शिंदे ह्यांच्या फौजांचा पराभव केला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. त्यानंतर महसुलाची वहिवाट झपाट्याने बदलली. मामलती चढ्या बोलीने मक्त्याने देण्यात येऊ लागल्या. अधिक बोली करील त्याला परगणा, आणि मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्याने त्याहून अधिक रक्कम देऊ केली तर परगणा त्याच्याकडे, असा क्रम सुरू झाला. मक्तेदार आपल्या हाताखाली पोटमक्ते देई, आणि प्रत्येक पायरीवरचा नफा अखेर रयतेकडून वसूल होई. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांनी १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात ह्या पद्धतीचे व तिच्या दुष्परिणामांचे सविस्तर वर्णन आहे.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. रसद घेऊन मामलत देण्याच्या जुन्या पद्धतीतही खाजगी भांडवलाचा भाग होता. परंतु मामलेदाराने काय वसूल करावे व कशावर खर्च करावा, हे बेहेडा ठरवीत असे. मक्त्यात सरकारचा संबंध केवळ ठोक रकमेशी उरला. रक्कम हाती आली म्हणजे परगण्यात पीक कसे आहे, कोणते गाव ओस पडले, कोणाला सूट द्यावयास हवी, हे जाणण्याची सरकारला गरज वाटेनाशी झाली. ज्याला काही जाणावयाचे नाही त्याला दफ्तर कशाला हवे? बाजीरावांच्या काळात हुजूर दफ्तराची जी अवस्था झाली ती ह्याच न्यायाने. पेशवाईच्या अखेरीनंतर दफ्तराची व्यवस्था ज्यांच्याकडे आली त्या मॅक्लिऑड ह्यांनी नमूद केले आहे की, ह्या काळात दफ्तराची आस्थापना बहुतांशी मोडीत निघाली होती आणि लोकांना कागद घेऊन जाण्याचीही मोकळीक मिळाली होती. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. परंतु वाड्याच्या आधाराने उभे असलेले ज्ञान त्याच्या कितीतरी आधी पांगू लागले होते.

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. जुनी व्यवस्था इतकी चोख होती, तर ती एका पेशव्याच्या दुर्लक्षाने का ढासळावी? ह्याचे उत्तर त्या व्यवस्थेच्याच एका दोषात आहे. दफ्तराचे ज्ञान सामाईक होते खरे, पण ते थोड्या घराण्यांपुरते व मुख्यतः लेखनवृत्तीच्या जातींपुरते सामाईक होते. दरक वंशपरंपरेने चालत. ज्या रयतेकडून वसूल घेतला जाई तिला तो हिशेब वाचता येत नव्हता, आणि हे ज्ञान देणारी सार्वजनिक शाळा नव्हती. दफ्तराचे महत्त्व जाणणारा कारभारी वर असेपर्यंत ते टिकले. तो गेल्यावर त्याच्या रक्षणासाठी उभा राहील असा मोठा समाज पाठीशी नव्हता. नाना फडणीसांचे कर्तृत्व निर्विवाद असले तरी, व्यवस्था एका व्यक्तीच्या दक्षतेवर एवढी विसंबून राहावी, हे तिच्या दुर्बलतेचेच लक्षण मानावे लागते.

५

दफ्तराचे मोल त्याच्या नव्या धन्यांनी मात्र चटकन ओळखले. इंग्रजांनी पांगलेले कागद जमा केले आणि ते वाचण्यासाठी जुन्या कारकुनांनाच हाताशी धरले. पुढे १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वये इनाम कमिशनच्या चौकशीला कायद्याचे बळ मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे इनाम टिकते की जाते ह्याचा निर्णय ह्याच रुमालांतील नोंदींवरून होऊ लागला. ज्याची नोंद दफ्तरात सापडली त्याचा दावा बळावला. ज्याचा कागद हरवला त्याच्या वाट्याला संशय आला. एका पिढीने दफ्तराकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत तिसऱ्या पिढीने जमिनीच्या रूपाने मोजली. इतिहास-संशोधनालाही ह्या दफ्तराने अपार साहाय्य केले. १९३० ते १९३४ ह्या काळात गो. स. सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, ते सर्वश्रुत आहेत.

बाहेरची सेवा आणि घरचे ज्ञान हा प्रश्न अठराव्या शतकाबरोबर संपलेला नाही. १९८९ मध्ये ईस्टमन कोडॅक ह्या अमेरिकन कंपनीने आपली संगणक-केंद्रे चालविण्याचे काम आयबीएमकडे सोपविले, तेव्हापासून मोठमोठे व्यवसाय आपल्या संगणकांची देखभाल बाहेरच्या संस्थांना देऊ लागले. त्या व्यवसायाचा मोठा वाटा पुढे भारतात आला, आणि शनिवारवाड्यापासून काही कोसांवरील हिंजवडीत आज परदेशी कंपन्यांची ही कामे चालतात. भारताचा अनुभव तर ह्याहून जुना आहे. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील व्यवसाय आवरला, त्या वेळी येथील कचेऱ्यांत बसविलेली तिची यंत्रे बंद पडण्याची धास्ती होती. त्यांच्या देखभालीचे काम कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन ह्या सरकारी कंपनीने अंगावर घेतले. सेवा देणारा निघून गेला, पण ती यंत्रे जाणणारी माणसे येथे होती, म्हणून काम चालू राहिले.

हुंडी पटविणारा सावकार आणि संगणक-यंत्रणा सांभाळणारी संस्था ह्यांत साधनांचे अंतर प्रचंड आहे. दोघांना एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही. तथापि काम देणाऱ्याची जबाबदारी दोन्हीकडे सारखीच राहते. कोणते काम बाहेर द्यावे हा सोयीचा प्रश्न आहे. परंतु ते काम कसे चालते, त्यात कोणत्या अडचणी आल्या व त्या कशा सुटल्या, ह्याची नोंद आपल्याजवळ, अनेकांना वाचता येईल अशा भाषेत ठेवणे हा अस्तित्वाचा प्रश्न आहे. पेशव्यांचे राज्य सावकाराकडे गेल्यामुळे बुडाले असे म्हणता येणार नाही. ज्या दिवशी सरकारने हिशेबाऐवजी नुसती रक्कम मागितली, त्या दिवसापासून राज्याचे डोळे मिटू लागले, एवढे मात्र हुजूर दफ्तराच्या इतिहासावरून निश्चितपणे म्हणता येते.