आरोपी की साक्षीदार? सीआरपी नावाच्या प्रथिनाचा इतिहास

१/ करोनाकाळात ‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न महाराष्ट्रात घरोघरी ऐकू आला. शरीरातील दाह मोजणाऱ्या या प्रथिनावर त्याआधी वेगळाच खटला चालला होता. हृदयविकाराचा तो आरोपी की केवळ साक्षीदार? त्या खटल्याचा हा इतिहास. 🧵

२/ सन १९३०, न्यूयॉर्क. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तजलात एक द्रव्य आढळले. न्यूमोकॉकस जिवाणूतील ‘सी’ नावाच्या बहुशर्करेशी संयोग होताच त्याचा साका बने. रुग्ण बरा झाला की ते द्रव्य नाहीसे होई.

३/ पुढे ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत ते प्रथिन असल्याचे स्पष्ट झाले. १९४७ मध्ये मॅक्लिन मॅकार्टी यांनी त्याचे स्फटिक मिळवले. १९४४ मध्ये डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य असल्याचा पुरावा देणाऱ्या त्रयीत एव्हरी आणि मॅकार्टी हे दोघेही होते. पुढे याच डीएनएने सीआरपीचा निवाडा केला.

४/ धमनीच्या भिंतीत दाह असतो, हे रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. विसाव्या शतकात मात्र कोलेस्टेरॉलने सारे लक्ष वेधून घेतले. १९९७ मध्ये पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, वरकरणी निरोगी पुरुषांपैकी ज्यांचा सीआरपी सर्वाधिक होता, त्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सर्वांत कमी पातळी असलेल्यांच्या सुमारे तिप्पट होता.

५/ मग सीआरपीच खाली आणला तर? २००८ च्या ‘ज्युपिटर’ चाचणीत १७,८०२ जणांपैकी रोसुवास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. परंतु हे औषध कोलेस्टेरॉलही उतरवते. श्रेय नेमके कोणाचे, हे त्यातून ठरेना.

६/ पेच आणखी खोल होता. धूम्रपान, लठ्ठपणा, मधुमेह यांनी सीआरपी वाढतो आणि हृदयविकारही बळावतो. रोगट धमनी स्वतःच दाह निर्माण करते, ती गोष्ट वेगळीच. दोन गोष्टी सोबत दिसल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

७/ तोडगा आनुवंशिकतेत होता. अशी कल्पना मार्टिन कटान यांनी १९८६ मध्येच एका पत्रात, कोलेस्टेरॉल व कर्करोगाच्या संदर्भात, मांडली होती. आईवडिलांकडून कोणते जनुकरूप मिळावे, हे जणू नाणेफेकीने ठरते. सवयी किंवा नंतरचा आजार ते बदलू शकत नाहीत. काहींचा सीआरपी जन्मजात जनुकभेदामुळे आयुष्यभर थोडा अधिक असतो. सीआरपी खरोखर आरोपी असेल, तर या लोकांत हृदयविकारही अधिक आढळायला हवा.

८/ २००८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी हेच तपासले. जनुकभेदामुळे सीआरपी ६४ टक्क्यांपर्यंत वाढलेला होता. हृदयविकार मात्र वाढलेला नव्हता. २०११ मध्ये १,९४,४१८ जणांच्या एकत्रित माहितीनेही तेच सांगितले. सीआरपी आरोपी नाही, साक्षीदार आहे.

९/ मग दाहही निर्दोष ठरला का? नाही. यकृताला सीआरपी बनवण्याचा आदेश देतो तो इंटरल्यूकिन-६. त्याच्या ग्राहकाचा एक जनुकभेद बाळगणाऱ्यांत सीआरपीही कमी आणि हृदयविकारही कमी, असे २०१२ मध्ये दिसले. खरा धागा साखळीत वरच्या बाजूला होता.

१०/ २०१७ च्या ‘कॅन्टोस’ चाचणीत त्याहून वरची कडी, इंटरल्यूकिन-१ बीटा, रोखण्यात आली. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांच्या या चाचणीत कोलेस्टेरॉल न घटवताही कॅनाकिनुमॅबच्या मधल्या मात्रेने पुढील गंभीर घटना १५ टक्क्यांनी कमी केल्या. किंमतही मोजावी लागली : जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. दाह ही शरीराची ढालही आहे.

११/ कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. नुसता सीआरपी दाबून हृदय वाचले नसते. तरीही कोंबड्याची बांग ऐकण्यात शहाणपण आहे. म्हणूनच धोक्याचा अंदाज घेण्यासाठी ही तपासणी आजही उपयोगी पडते. पुरावा आणि कारण यांतील भेद ओळखणे हे वैद्यकाचे काम आहे, तसेच इतिहासाचेही. (समाप्त)