सुट्टीचें घर

मध्य युरोपांतील झेक लोकांच्या देशांत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी जुलै व ऑगस्ट अशी दोन महिने असते. ज्यांचे आप्त खेडेगांवीं राहत, त्यांच्या मुलांना हे दोन महिने पर्वणीसारखे वाटत. परंतु प्राग शहरांतील झिझ्कोव्ह या कामगारवस्तींतील मुलांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुट्टीचा अर्थ इतकाच होता कीं, शाळेचें दार बंद झालें. आईबाप दिवसभर कामावर, घर म्हणजे एक खोली व स्वयंपाकघर, आणि खेळावयास रस्ता! शाळा सुरू असतांना निदान चार-पांच तास मुलांवर कोणाची तरी दृष्टि असे. सुट्टींत तीही नसे.

या बंद दाराबाहेरील मुलांचा विचार ज्यांनीं आयुष्यभर केला, त्यांत प्रेमिस्ल पिटर यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. त्यांचा जन्म १८९५ सालीं प्राग येथें झाला. १९१४ सालीं महायुद्ध पेटतांच ते ऑस्ट्रियाच्या सैन्यांत स्वेच्छेनें दाखल झाले. परंतु रणांगणावर जें दिसलें, त्यानें त्यांचें मन मुळापासून पालटलें. यापुढें शस्त्र हातीं धरावयाचें नाहीं, असा निश्चय करून ते घरीं परतले. १९१८ सालीं झेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. पिटर यांनीं ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला खरा. पण व्यासपीठावरील प्रवचनापेक्षां झिझ्कोव्हच्या गल्ल्यांतून भटकणारीं मुलें त्यांना अधिक जवळचीं वाटूं लागलीं. त्या मुलांना एकत्र बसवून गोष्टी सांगाव्या, त्यांच्याशीं खेळावें, या साध्या उपक्रमांतून त्यांच्या कार्याचा उगम झाला.

या कार्याला त्यांनीं जें नांव दिलें, त्यांत झेक इतिहासाची एक जुनी आठवण आहे. चौदाव्या शतकांत क्रोमेर्झीझ गांवचा यान मिलीच हा प्रागमधील वरिष्ठ धर्माधिकारी होता. १३६३ सालीं त्यानें मानाचें पद व उत्पन्न सोडून दारिद्र्य पत्करलें, आणि पुढें १३७२ सालीं प्रागमधील वेश्यावस्तीच्या जागीं पश्चात्ताप झालेल्या स्त्रियांसाठीं आश्रम काढला. त्या आश्रमाचें नांव त्यानें ‘यरुशलेम’ ठेविलें. १४१५ सालीं ज्याला जिवंत जाळण्यांत आलें, त्या यान हुसचा हा पूर्वसूरि मानला जातो. समाजानें टाकून दिलेल्यांना घर देणें हाच धर्म, ही मिलीचची शिकवण पिटर यांना आपल्या कार्याचें सूत्र वाटली, आणि १९३३ सालीं झिझ्कोव्हमध्यें त्यांनीं उघडलेल्या बालगृहाला ‘मिलीचचें घर’ हें नांव मिळालें.

या कामीं त्यांना लाभलेल्या सहकारी म्हणजे ओल्गा फिअर्झ. या १९०० सालीं जन्मलेल्या स्विस शिक्षिका. १९२६ सालीं एका आंतरराष्ट्रीय शांतता-परिषदेंत दोघांची ओळख झाली, आणि पुढें स्वदेश सोडून फिअर्झबाईंनीं प्रागच्या गरीब मुलांना आपलें मानलें. पिटर चालवीत असलेलें ‘बंधुभाव’ या अर्थाच्या नांवाचें मासिक व सामान्य लोकांच्या देणग्या, हाच या कार्याचा आधार होता.

मिलीचच्या घराचें दार कोणत्याही पंथाच्या मुलाला उघडें असे. रोमन कॅथलिक, प्रॉटेस्टंट, यहुदी, अथवा ज्यांचे आईबाप कोणताच धर्म मानीत नसत तीं मुलें, सर्वांना तेथें सारखाच प्रवेश होता. शाळा सुटल्यावर मुलें येत. अभ्यास, हस्तव्यवसाय, गाणीं, नाटकें, बागकाम यांत त्यांचा वेळ जाई. बायबलांतील कथा सांगितल्या जात. परंतु मुलाला एका पंथांतून दुसऱ्या पंथांत ओढून नेणें हा त्यांतील हेतु नव्हता. मिशनरी कार्य म्हणजे केवळ पंथवाढ, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं हें उदाहरण अवश्य ध्यानांत घ्यावें.

उरला प्रश्न सुट्टीचा. त्याचें उत्तर म्हणून पिल्झेनच्या बाजूस, रोकित्सानीजवळील मीतो या गांवीं १९३८ सालीं मुलांसाठीं एक आरोग्यगृह उभें राहिलें. शहराच्या धुरांतून निघालेल्या मुलांना तेथें मोकळी हवा, पोटभर अन्न आणि हिंडावयास रान मिळे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, एरवीं कांहीं तासांपुरती भेटणारीं मुलें येथें रात्रंदिवस मोठ्यांच्या सहवासांत राहत. उपदेशानें जें साधत नाहीं तें सहवासानें साधतें, हा शिक्षणशास्त्रांतील जुना अनुभव येथें कामीं आला.

परंतु ज्या वर्षीं हें घर उभें राहिलें, त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत म्यूनिचचा करार होऊन झेक राष्ट्राचे लचके तुटूं लागले. १५ मार्च १९३९ रोजीं जर्मन सैन्य प्रागमध्यें शिरलें. यहुदी मुलांना बालगृहांत येण्यास बंदी झाली. तीं मुलें येऊं शकत नाहींत, तर आपण त्यांच्याकडे जावें, असें पिटर व फिअर्झबाई यांनीं ठरविलें. रात्रीच्या अंधारांत दूध व खाद्यपदार्थ घेऊन ते त्यांच्या घरीं जात. याबद्दल पिटर यांना गेस्टापो या गुप्त पोलिसांपुढें जबाब द्यावा लागला. पण त्यांनीं केलेलें नाकारलें नाहीं. पुढें तीं घरेंच रिकामीं होऊं लागलीं. बहुतेक मुलें आधीं तेरेझीनला आणि तेथून पूर्वेकडील मृत्यूच्या छावण्यांत गेलीं. बोहेमिया व मोरेव्हिया या दोन प्रांतांतील सुमारे ७८ हजार यहुदी या संहारांत बळी पडले.

मे १९४५ मध्यें युद्ध संपलें. छावण्यांतून वांचलेलीं मुलें परत येऊं लागलीं; त्यांतील कित्येकांना ना घर उरलें होतें, ना आईबाप. प्रागच्या दक्षिणेस ओलेशोवित्से, कामेनित्से, श्तिर्झीन व लोयोवित्से येथें सरदार-धनिकांचे वाडे सरकारनें ताब्यांत घेतले होते. पिटर यांनीं ते मागून घेतले आणि त्यांत या मुलांची सोय लाविली. कालपर्यंत जेथें श्रीमंतांच्या मेजवान्या झडत, तेथें आतां हाडांचे सांपळे झालेलीं मुलें पुन्हां जेवावयास, झोंपावयास व हंसावयास शिकूं लागलीं.

येथवर सर्व लोक पिटर यांची प्रशंसाच करीत होते. खरी कसोटी पुढेंच होती. झेकोस्लोव्हाकियांत सुमारे तीस लाख जर्मन राहत असत. सहा वर्षांच्या जुलुमानें संतापलेल्या राष्ट्रानें त्यांना देशाबाहेर घालविण्याचें ठरविलें, आणि तत्पूर्वीं हजारोंना छावण्यांत कोंडलें. सरकारी समितीचे सभासद या नात्यानें पिटर त्या छावण्या पाहावयास गेले, तों तेथें जर्मन मुलें भुकेनें व रोगानें मरतांना त्यांना दिसलीं. यहुदी मुलांच्या डोळ्यांत जी भीति त्यांनीं पाहिली होती, तीच येथेंही होती. त्यांनीं त्या मुलांनाही वाड्यांत आणलें. यहुदी व जर्मन अशीं दोन्हीं मुलें एकाच व्यवस्थेखालीं राहूं लागलीं.

हें अनेकांना सहन झालें नाहीं. शत्रूच्या पोरांना आमचें अन्न कां, असा आक्षेप वर्तमानपत्रांतून घेतला गेला. तो आक्षेप घेणाऱ्यांना निव्वळ दुष्ट म्हणतां येणार नाहीं. प्रत्येकाच्या घरीं कोणी ना कोणी मेलेलें होतें, आणि दुःख ताजें होतें. पण पिटर यांचें म्हणणें असें कीं, मूल हें कोणाचा शत्रु नसतें, आणि ज्या अन्यायाविरुद्ध आपण लढलों तोच आपल्या हातून घडला तर विजयाला अर्थ उरत नाहीं. १९४७ पर्यंत या वाड्यांतून एकंदर ८१० मुलांची काळजी घेतली गेली. पुढें चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आलेले येहुदा बेकन हे त्यांपैकींच एक. आउशविट्झहून वांचलेल्या या मुलाला माणसावरील गमावलेला विश्वास पिटर यांच्या सहवासांत परत मिळाला, असें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे.

१९४८ सालीं देशांत कम्युनिस्ट सत्ता आली. धर्मनिष्ठेवर उभें असलेलें बालकार्य तिला रुचणारें नव्हतें; मिलीचचें घर पिटर यांच्या हातून गेलें. अटक टळत नाहीं असें दिसतांच १९५१ सालीं ते सीमा ओलांडून जर्मनींत गेले. न्यूरेंबर्गजवळील वाल्का नामक निर्वासितांच्या छावणींत ते व फिअर्झबाई सुमारे दहा वर्षें सेवा करीत राहिले. त्या काळीं म्यूनिच येथील नभोवाणीवरून पिटर यांचीं भाषणें होत, आणि मायदेशीं लोक तीं चोरून ऐकत. शिक्षणशास्त्राचा आद्य आचार्य कोमेन्स्की हाही तीनशें वर्षांपूर्वीं असाच परागंदा होऊन १६७० सालीं परदेशीं वारला होता; पिटर यांच्या नशिबींही तेंच आलें. १९७६ सालीं स्वित्झर्लंडमध्यें त्यांचा अंत झाला.

इस्रायलनें यहुदी मुलांच्या रक्षणाबद्दल १९६४ सालीं त्यांचा गौरव केला, तर पश्चिम जर्मनीनें १९७३ सालीं त्यांना पदक दिलें. एकाच मनुष्याला या दोन राष्ट्रांनीं मान द्यावा, ही घटना सामान्य नव्हे. स्वदेशानें मात्र कम्युनिस्ट राजवट गेल्यावर, १९९१ सालीं, मरणोत्तर सन्मान देऊन त्यांचें ऋण मान्य केलें. झिझ्कोव्हमधील मिलीचच्या घराची इमारत अद्याप उभी असून तेथें लहान मुलांची शाळा भरते.

सुट्टींत रस्त्यावर पडणाऱ्या मुलांना घर द्यावें, एवढ्या लहानशा इच्छेपासून हें कार्य निघालें होतें. दार ठोठावणारें मूल कोणाचें, हें न विचारण्याची संवय तेथें शांततेच्या दिवसांतच जडली होती. म्हणूनच १९४५ सालीं, जेव्हां सारें राष्ट्र तोच प्रश्न विचारीत होतें, तेव्हां त्या घरांतील माणसांना दार उघडें ठेवितां आलें.