कोशकार्यातील मुदती आणि मनुष्यबळ

१ मार्च १८७९ रोजी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीच्या इंग्रजी कोशासंबंधी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेशी करार झाला. मुदत दहा वर्षांची आणि विस्तार सुमारे ७,००० पृष्ठांचा ठरला. जेम्स मरे यांनी या अपेक्षेनेच संपादकपद स्वीकारले. १८८४ मध्ये पहिला भाग निघाला, तेव्हा ३५२ पृष्ठांत मजल 'अँट' या शब्दापर्यंतच गेली होती! कोश पुरा झाला तो १९२८ मध्ये, १५,४९० पृष्ठांत. मरे १९१५ मध्येच निवर्तले होते.

हा केवळ आशावादाचा दोष मानणे उथळपणाचे होईल. १८५७ पासून स्वयंसेवक वाचकांनी अवतरणांचा मोठा साठा जमविला होता. त्यामुळे आता मुख्यतः मांडणीच उरली, असा समज होता. परंतु वाचकांचे लक्ष स्वभावतः विलक्षण शब्दांकडे गेले. मरे यांना 'अब्यूजन' या विरळ शब्दाची सुमारे पन्नास अवतरणे मिळाली, तर नित्याच्या 'अब्यूज'ची पाचही नव्हती. नित्याच्या शब्दांचा शोध संपादकवर्गास नव्याने घ्यावा लागला. शिवाय येणारे प्रत्येक टिपण लावण्याचे व पारखण्याचे काम वाढवीतच होते. अर्थच्छटांचा क्रम ठरवावयाचा तर एका शब्दाची सर्व अवतरणे एकाच मेजावर पसरावी लागतात. तेथे दहा माणसे बसवून दसपट वेग येत नाही.

रखडलेल्या कामावर माणसे वाढविल्यास ते अधिकच रखडते, असे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये आयबीएममधील संगणकप्रणालीच्या अनुभवावरून प्रतिपादिले. कोशाच्या इतिहासात या विधानास मुरड घालावी लागते. हेन्री ब्रॅडली १८८८ मध्ये, विल्यम क्रेगी १९०१ मध्ये आणि चार्ल्स अनियन्स १९१४ मध्ये स्वतंत्र संपादक झाले, तेव्हा प्रत्येकास वर्णमालेचा निराळा भाग मिळाला. शब्द वाटून न घेता अक्षरे वाटल्यामुळे परस्परांशी विचारविनिमयाचा भार मर्यादित राहिला आणि ही वाढ उपकारक ठरली. तरीही कोशाचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या मरे यांच्याच देखरेखीखाली सिद्ध झाला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशाचे कार्य आरंभिले. येथे अवतरणे काढणारे संस्कृतज्ञ अभ्यासक होते. हौशी वाचकांवर भिस्त नव्हती. तरीही संकलनास पाव शतक लागले, आणि अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखालील पहिला भाग १९७६ मध्ये प्रकाशित झाला.